झोपलेल्याचा फॅन

झोपलेला माणूस फॅन वापरत नाही, असा आमच्या घरमालकीण आत्यांचा ठाम सिद्धांत होता. वस्तू वापरायची तर डोळे उघडे ठेवून वापरायची. डोळे मिटले की खोलीत कुणी नाही असं त्या धरून चालायच्या आणि खुशाल फॅन बंद करायच्या. "झोपल्यावं तुला काय कळतंय रं, त्यो फिरतोय का न्हाई?" या प्रश्नाला माझ्याकडे कधीच उत्तर नव्हतं, कारण मी खरोखर झोपलेलो असायचो.

महाळुंग्यात त्यांच्या बंगल्यामागे पत्र्याच्या सलग खोल्या होत्या आणि भाडेकरू आम्ही बहुतेक कंपन्यांमधले. मी जालन्याहून आलेलो, प्रेस शॉपमध्ये ट्रेनी, पाचवीला पुजलेली तिसरी, म्हणजे रात्रीची शिफ्ट. सकाळी कंपनीची बस सोडायची, दोन घास खाऊन मी आडवा व्हायचो आणि तेवढ्यात आत्यांची गस्त सुरू व्हायची. सगळ्या खोल्यांचे खटके व्हरांड्यातल्या एकाच बोर्डावर आणि बोर्डाखाली आत्यांची खुर्ची. लाईटबिल भाड्यातच धरलेलं, त्यामुळे आमच्या डोक्यावर फिरणारं पातं त्यांच्या काळजावर फिरायचं. उन्हाळ्यात पत्रा तापला की अर्ध्या तासात मी घामाने भिजून उठायचो, दार सताड उघडायचो आणि पुन्हा पडायचो.

आमच्या टीव्हीच्या कोपऱ्यातला लाल दिवा हा त्यांचा खास वैरी. "लाल दिवा म्हंजी ते आतल्या आत पितंय," असं म्हणून त्या टीव्हीची पिनच उपसायच्या. चार्जर भिंतीला लटकलेला दिसला की मोबाईल कुठाय म्हणून झडती व्हायची. यातलं बरंचसं बरोबर होतं हे मला कंपनीतल्या ऊर्जाबचतीच्या भाषणात कळलं, आणि आत्या बरोबर असू शकतात या विचाराने माझं डोकं जास्तच तापलं. शेजारच्या खोलीतले सलीमभाई गॅरेजात मेकॅनिक होते. ते म्हणायचे, "भावा, आत्याला सूर्याचा खटका सापडू देऊ नको. भर दुपारी अंधारात बसावं लागेल."

ही सगळी काटकसर मात्र बंगल्याच्या पायरीशी संपायची. वर त्यांचे चिरंजीव अण्णा राहायचे. जमीन एमआयडीसीत गेल्यापासून अण्णांना उकडायला लागलं होतं. हॉलमध्ये एसी, बेडरूममध्ये एसी, आणि अण्णा दिवसभर गाडी घेऊन बाहेर. गीझर सकाळी लागायचा तो संध्याकाळी कुणाच्या तरी लक्षात यायचा. मी एकदा डिवचलं, "आत्या, वर पण चक्कर मारा की." त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या, "वर माजं कोन ऐकतंय? तुमी तरी ऐकता." आम्ही ऐकत नव्हतो, आमच्यापुढे इलाज नव्हता. पण त्यांना तो फरक कळत नसावा.

त्या मे महिन्यात माझ्या झोपेचं पार खोबरं झालं. कायम कुणाला करायचं ते पुढच्या महिन्यात ठरणार होतं आणि घरी बहिणीचं कॉलेज माझ्या पगारावर चाललेलं. मशीनशेजारी पत्रा धरून उभ्या उभ्या मला डुलकी लागली आणि धार तळहातात घुसली. सुपरवायझरने पट्टी बांधून दिली आणि म्हणाला, "पुन्हा पेंगताना दिसलास तर कायम व्हायचं विसर, राव. सरळ जालन्याची गाडी धर."

सकाळी मी तो हात आत्यांच्या नाकासमोर नाचवला. "बघा तुमची बचत! नोकरी गेली तर भाडं कोण देणार?" त्यांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली. "कामावं बी झोपतोस व्हय?" एवढंच म्हणाल्या आणि खुर्चीत जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी जाग आली तर अंगावर वारा येत होता. वर पाहिलं, फॅन ठप्प. उशाशी आत्या बसलेल्या आणि हातात मशीनच्या पार्टच्या खोक्याचा फाडलेला पुठ्ठा. त्या मला वारा घालत होत्या.

"आत्या, अहो फॅन लावा की!"

"कशापायी? मी रिकामीच हाय. तू नीज."

आता सत्तरीची बाई उशाशी बसून वारा घालते म्हटल्यावर झोप कुणाला येणार? दोन दिवस मी नुसते डोळे मिटून पडून राहिलो. तिसऱ्या दिवशी मात्र मेल्यासारखा झोपलो. खटका दाबायचं त्यांच्या जिवावर यायचं, हात हलवायचं नाही. असल्या हट्टाला शहाणपण म्हणायचं की खुळेपण, मला ठरवता आलं नाही. पण तो अख्खा महिना त्या रोज येऊन बसल्या आणि माझ्या आईने माझं एवढं केलं नसेल, हे मला कबूल करायलाच हवं.

मी कायम झालो. पेढे घेऊन गेलो तेव्हा आत्यांनी अर्धा पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "पगार वाढला का? मग भाडं बी वाढंल."

लग्न झाल्यावर मी दिघीला राहायला गेलो. परवा सलीमभाईंचा फोन आला, आत्या गेल्या. मी रात्रीची शिफ्ट सुटल्यावर तसाच महाळुंग्याला गेलो. कोपऱ्यावर अण्णांनी दुमजली उंचीचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला होता. आत्यांचा फोटो लहान, अण्णांचा मोठा. वर चार हॅलोजन, आणि सकाळच्या लख्ख उन्हात चारही जळत होते.

मी फ्लेक्सच्या खांबाजवळ जाऊन खटका शोधला आणि बंद केला. अण्णा लगबगीने आले. "अरे, राहू दे ना भावा. आईसाठी लावलेत."

"मी पण आईसाठीच बंद केले," मी म्हणालो, आणि तिथेच फूटपाथवर बसून ढसाढसा रडलो.