डॉक्टर म्हणाले, थांबू या

बाळांनो, दिवाळीला तुम्ही येताय. आजोबा आता बैठकीत बसत नाहीत, हे पहिल्याच दिवशी तुमच्या लक्षात येईल. त्याचं कारण इतरांच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

दोन वर्षांपूर्वी त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. तरुण डॉक्टरांनी रिपोर्ट मला इंग्रजीत समजावला. आजोबा समोर असून त्यांच्याकडे पाहिलंही नाही. आजार फार सावकाश वाढणारा आहे, या वयात ऑपरेशन नको, दर सहा महिन्यांनी रक्त तपासू आणि थांबू या, असं त्यांचं म्हणणं.

"काय म्हनतोय?" आजोबांनी विचारलं. शेजारी त्यांचा पुतण्या उभा होता.

"तुमचं वय झालंय, थांबा म्हणतात," मी म्हणाले. "या आजाराआधी तुम्ही दुसऱ्याच कशानं तरी जाल."

आजार सावकाश वाढतो, हे मी गाळलं. चाळीस वर्षं हा माणूस चारचौघांत माझ्या इंग्रजीची टिंगल करत आला होता. पुतण्यासमोर मला त्यांना एवढंच ऐकवायचं होतं.

"मला मरायला सोडतो काय बे?" ते डॉक्टरांवर ओरडले. "सिरसाळ्यापासून तेलगावापर्यंत लोक माझ्या शब्दावर भांडणं मिटवतेत!"

"यांना घरी घेऊन जा," डॉक्टर मला इंग्रजीत म्हणाले. तेही मी सांगितलं नाही.

महिन्याभरात त्यांनी दुसऱ्या शहरातला सर्जन गाठला. लघवीवरचा ताबा जाऊ शकतो, हे त्यानं स्वच्छ मराठीत सांगितलं. "कापा," आजोबा म्हणाले. आजार सावकाश वाढतो, हे मी तेव्हाही सांगितलं नाही.

ताबा गेला, तो परत आला नाही. तरी ते रोज बैठकीत जात. एका सकाळी बैठक माणसांनी भरलेली असताना ते उठले. पुतण्यानं गादीकडे पाहिलं आणि चहा देणाऱ्या गड्याला दरडावलं, "कावून रे, काकांच्या गादीवर पाणी सांडलंस?"

"मी न्हाई सांडलं, मालक. ते आधीच हाय."

लोक कपात तोंड घालून हसले.

आजोबांनी कुणाला शिवी दिली नाही. आत येऊन मला म्हणाले, "त्या डाक्टरनं थांबा म्हनलं, तवा तू मला नीट सांगितलं न्हाईस."

"तुम्ही ऐकलं असतंत?" मी विचारलं.

ते भिंतीकडे तोंड करून बसले. बैठक आता पुतण्या चालवतो.

रक्तात आजार सापडत नाही. आजोबा जिवंत आहेत, दोन वेळा जेवतात, आणि दिवसातून चारदा माझ्याकडूनच कपडे बदलून घेतात.