साक्षीला कोण होतं

जपानमध्ये उरायासुच्या एका इंग्रजी बालवाडीत मी बाइतो करते, म्हणजे अर्धवेळ नोकरी. तिथं माझ्याबरोबर एक स्कॉटिश बाई शिकवते. पन्नाशीची, नवरा जपानी, इथंच रुजलेली. मागच्या वर्षी तिची आई गेली आणि तिनं आपल्या घराण्याचा शोध मनावर घेतला. एका दुपारी मुलं झोपल्यावर तिनं मला फोनवर जुन्या चर्चच्या वहीतली एक नोंद दाखवली. तिच्या खापरपणजोबांच्या लग्नाची. नवऱ्याचं नाव, नवरीचं नाव, गाव. आईबापांचा पत्ताच नाही. सरकारी नोंदणी सुरू होण्याआधी तिकडं लग्नाच्या नोंदीत आईबापांची नावं बहुतेक लिहीतच नसत, म्हणाली. त्यात त्या गावात खापरपणजोबांच्याच नावाची दोन मुलं थोड्या अंतरानं जन्मलेली. दोघांच्या बापांची नावंही एकच. तर यातला तिचा कोणता?

पुण्यात मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे. कुठं काय जुळत नाही ते हुडकायची खोड अजून गेलेली नाही. "दे मला, मी बघते," म्हटलं.

मग माझे रविवार त्यातच जायला लागले. रविवारी ग्योतोकुला आमच्या घरी बाबांचा व्हिडिओ कॉल येतो. आई गेल्यापासून ते पुण्यात एकटेच असतात. एरवी आमचं बोलणं म्हणजे जेवलात का, गोळ्या घेतल्या का, एवढंच. लेक येता-जाता हात हलवायची, जपानीत काहीतरी बोलून पळायची, की झाला कॉल. आता मात्र मी लॅपटॉपवर नोंदी चाळता चाळता त्यांना स्कॉटलंडचं सांगायला लागले. आणि बाबा रंगले. दर रविवारी पहिला प्रश्न, "तुझ्या त्या बाईंचे पूर्वज कुठवर आले?"

एकदा म्हणाले, "माझंही बघ की कधीतरी."

"तुमचं काय बघायचं, बाबा? तुमचं सगळं माहितीच आहे," मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हटलं. ते हसले आणि तिकडे थंडी किती आहे, ते विचारू लागले.

दोन-तीन आठवडे शोध अडकून पडला. मग बाबांनीच सुचवलं, "त्या जोडप्याच्या मुलांचं नाव ठेवलं तेव्हा साक्षीला कोण होतं, ते लिहिलंय का बघ. आईबाप लिहायचे राहिले असतील, पण घरचं माणूस अशा वेळी कुठंतरी उभं असतंच."

लिहिलेलं होतं. मुलांच्या बाप्तिस्म्याला दोन वेळा एकच साक्षीदार, त्याच आडनावाचा, आणि तो राहायचा त्या दोन घरांपैकी एकाच्याच शेतावर. पक्का पुरावा नव्हे, पण बरंच वजन त्या घराकडे झुकलं. मी आनंदानं ओरडलेच. "बाबा! कसं काय सुचलं तुम्हाला?"

"अगं, मी दत्तक गेलेला माणूस," ते म्हणाले. "माझ्या कागदांवर माझे आईबाप कुठं आहेत? पण माझ्या मुंजीत मातृभोजनाला मी इकडच्या आईच्या मांडीशी बसलो होतो, तेव्हा तूप वाढायला माझी जन्मदाती आई आली होती. मला 'मावशी' म्हणायला शिकवलं होतं. दोनदा वाढलं तिनं."

बाबा दत्तक आहेत हे मला लहानपणापासून माहीत होतं. त्यात विचारण्यासारखं काही असेल असं मात्र कधी वाटलं नव्हतं. मी विचारलं, "तिचं माहेर कुठलं?"

"ते दादालाच ठाऊक होतं," बाबा म्हणाले.

दादा म्हणजे त्यांचा सख्खा थोरला भाऊ. माझ्या तोंडी कायम 'सिन्नरचे काका'. गेल्या मे महिन्यात ते गेले. बाबांनी मला फोन करून सांगितलं होतं, दहाव्याला जाऊन येतो. आणि मी इथून, कोन्बिनीच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानाच्या, रांगेत उभी राहून, म्हटलं होतं, "बाबा, एवढ्या उन्हात कशाला? तब्येत बघा तुमची. फोन करा ना त्यांच्याकडे. एवढं काय जवळचं नातं आहे!"

ते गेले नव्हते.

परक्या बाईच्या खापरपणजोबाच्या साक्षीदाराचं शेत मी नकाशावर शोधून काढलं होतं, आणि माझ्याच बापाला सख्ख्या भावाच्या दहाव्याला जाऊ दिलं नव्हतं. कॅमेऱ्यासमोर मला त्यांच्याकडे बघवेना.

"बाबा, मी तेव्हा तसं बोलायला नको होतं."

"काळजीनं बोललीस," ते म्हणाले. मग म्हणाले, "पण मी जायला हवं होतं."

बालवाडीतल्या बाईनं माझ्यासाठी घरून केक करून आणला, मला मिठी मारली. त्या घराण्याच्या नावापुढं 'बहुधा' लिहायला मी तिला सांगितलं. केक काही मला गोड लागला नाही.

इथल्या उन्हाळी सुट्टीत, ऑगस्टमध्ये, मी पुण्याला गेले आणि बाबांना गाडीनं सिन्नरला घेऊन गेले. नारायणगावला चहासाठी थांबलो, तर बाबांनी उतरून शर्ट नीट खोचून घेतला. घरी काकू एकट्याच होत्या. दारातच त्यांनी बाबांकडे पाहिलं.

"भावोजी, फार उशीर केलात."

"वहिनी..." बाबा म्हणाले. मी सांगणार होते, खरंच सांगणार होते, की मीच अडवलं त्यांना. पण माझ्याआधी बाबाच म्हणाले, "तेव्हा माझी तब्येत बरी नव्हती."

मी ते तसंच राहू दिलं. आत गेल्यावर काकूंना नमस्कार केला. त्यांनी पाठीवरून हात फिरवला तेव्हाही खरं काय ते सांगितलं नाही.

बाबांनी आपल्या जन्मदात्या आईच्या माहेराचं विचारलं. काकू बराच वेळ आठवत राहिल्या. "संगमनेरकडचं कुठलं तरी गाव होतं. आडनाव काही सासूबाईंच्या तोंडून कधी ऐकलं नाही. ह्यांना माहीत होतं." मग त्या आत गेल्या, पानं घेतली आणि आम्हाला जेवायला बसवलं. बाबा पानावर बसले आणि काकूंनी तूप वाढलेला भात कालवायचा सोडून त्याकडे बघत राहिले.

"भावोजी, घ्या ना," काकू म्हणाल्या.

मी माझ्या पानाकडे बघत जेवत होते.