दोन डब्या आणि बाबाचा कान

डॅक निवडायला मला आठ महिने लागले. ज्यांना हे खूळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंटरनेटवरून येणारं गाणं म्हणजे नुसते आकडे असतात. त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारी जी डबी, तो डॅक. फोनातही एक असतो, चण्याच्या डाळीएवढा. पण त्याच्यावर समाधान मानतील ते शौकीन कसले? २०१७ साल होतं. मी तलासरीच्या शाळेत मास्तर होतो, डहाणूच्या घरात वरची खोली माझी होती, आणि माझ्या कानांबद्दल माझा फार मोठा गैरसमज होता.

आमचा एक ऑनलाइन गट होता. अमुक डॅक लावला की गायिकेचा श्वास ऐकू येतो, तमुक लावला की तबल्याची शाई कळते, असं तिथं लोक लिहायचे. मीही लिहायचो. मला श्वास ऐकू आला नव्हता आणि शाईही कळली नव्हती, पण चारचौघांत तसं कबूल कोण करतो?

शेवटी वापीच्या एका दुकानदाराने दोन डब्या पंधरा दिवसांसाठी घरी न्यायला दिल्या. एक महाग, दुसरी तिच्या दुप्पट महाग. "साहेब, घेर लई जाओ. काननेज पूछो," तो म्हणाला. मी कानालाच विचारायचं ठरवलं, फक्त तो कान माझा नाही, बाबाचा.

बाबा माझ्या चुलतभावाच्या बोटीवर तांडेल होता. बोट कुठे न्यायची, जाळं कुठे टाकायचं, हे तो ठरवायचा. घोळ मासा पाण्याखाली घुमतो, म्हणजे आवाज काढतो. इंजिन बंद करायचं, वल्हं पाण्यात सोडायचं, त्याच्या मुठीला कान आणि जबडा टेकवायचा आणि घोळीचा मेळा कुठल्या अंगाला आहे ते सांगायचं, अशी जुनी रीत. नव्या लोकांनी ती सोडून दिली. बाबाने सोडली नव्हती. अख्ख्या किनाऱ्यावर त्याच्या कानाचं नाव होतं, आणि असा कान घरात असताना मी कशाला डोकं शिणवायचं?

पावसाळ्याचे दिवस होते. मासेमारीला बंदी, बोटी वर ओढलेल्या, बाबा घरीच जाळी शिवत बसलेला. रोज संध्याकाळी मी त्याला वर बोलावून खुर्चीत बसवायचो. दोन्ही डब्यांवर फडकं टाकायचो, म्हणजे कुठली चालू आहे ते दिसायला नको. मग एक बोट दाखवून पहिली लावायची, दोन बोटं दाखवून दुसरी. बाबा डोळे किलकिले करून माझ्याकडे बघत राहायचा आणि म्हणायचा, "दुसरा. ह्याला खोली हाय." सात दिवस हेच. मधे दोनदा मी डब्यांची अदलाबदल केली, तरी त्याने महागडीच ओळखली. मी गटावर भलामोठा लेख लिहिला. लोकांनी टाळ्या पाठवल्या.

आठव्या दिवशी स्पीकरची वायर निघाली होती. एक बोट दाखवून बटण दाबलं, आवाज नाही. दोन बोटं दाखवली, तरी नाही. मी वायर बघायला वाकणार इतक्यात बाबा म्हणाला, "दुसरा. ह्याला खोली हाय." खाली आईचा मिक्सर चालू होता, तेवढाच काय तो आवाज.

मी त्याच्या खुर्चीमागे गेलो आणि साध्या आवाजात हाक मारली. बाबा खिडकीतून बाहेर बघत राहिला.

खाली जाऊन सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "तीन वर्षं झाली. इंजिनानं कान खाल्ले त्याचे. तुला ठाऊक नव्हतं?" नव्हतं. आमच्याकडे सगळेच ओरडून बोलतात, आणि तो ओठ बघून उत्तरं द्यायचा. गायिकेचा श्वास टिपणारा मी रोज त्याच्या ताटाला ताट लावून जेवत होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

मी बाबाला ओरडून विचारलं, मग ओळखायचास कसा?

"तुझं तोंड खुलायचं ना. जिथं खुलेल ते मी सांगायचो. तुला तेच पाहिजे होतं."

डब्यांवर फडकं टाकलं होतं. स्वतःच्या तोंडावर टाकायचं सुचलं नव्हतं. आणि मला तरी फरक कुठे कळत होता? महागडी कुठली ते मला माहीत होतं, म्हणून तोंड खुलायचं. त्या खोलीत आठवडाभर कोणीच काही ऐकलं नव्हतं. मला राग आला, तो परीक्षा फुकट गेल्याचा. बाप बहिरा झाल्याचं वाईट नंतर वाटलं, बरंच नंतर. महागडी डबी मात्र घेतलीच, कारण गटावर लिहून बसलो होतो.

नारळी पौर्णिमेला किनाऱ्यावर सगळे जमले होते. बोटी सजलेल्या, नारळ वाहून झालेला. चुलतभावाने सहज विचारलं, "काय रे, तुझं ते मशीन कसं काय?" उचलली जीभ लावली टाळ्याला. बाबा बंद स्पीकरसमोर डोळे किलकिले करून कसा बसला होता, ते मी नक्कल करून सांगितलं. लोक पोट धरून हसले. सगळे हसताहेत हे बघून बाबाही हसला. चुलतभाऊ तेवढा हसला नाही.

दोन दिवसांनी तो घरी आला. "काका, यंदा तू घरी थांब. मागनं कोणी हाक मारली नि तुला कळली नाय, तर जाळ्याबरोबर पाण्यात जाशील."

"वल्ह्यात मला अजून लागतं," बाबा म्हणाला. "जबड्याला कळतं."

"आता मशीन बसवलंय, काका. मासा पडद्यावर दिसतो."

चुलतभावाचं काही चुकलं नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. बाबाने एकदा माझ्याकडे बघितलं आणि तो जाळी शिवायला परत ओट्यावर गेला. बोट त्याच्याशिवाय गेली.

नंतर मी त्याला कानाचं यंत्र आणलं. त्याच्या आतही एक डॅकच असतो. तो निवडायला मला एक दुपार लागली. यंत्र शिट्टी मारतं म्हणून बाबाने ते कपाटात ठेवून दिलं, आणि ते नीट जुळवून आणायला मला दोन वर्षांत सवड झाली नाही.

अजूनही तो संध्याकाळी वर येऊन त्या खुर्चीत बसतो. "हाच चांगला हाय ना?" विचारतो आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतो. मी तोंड हसरं करतो, मग तो समाधानाने मान हलवतो. मशीन बहुतेक वेळा बंदच असतं.