लेबलावरची शेवटची ओळ

कळंब्याच्या पलीकडं, जांभळीच्या सावलीत बायडाबाईच्या मधाच्या पेट्या. माश्या तिच्या हातावरून खुशाल चालायच्या. पण तिचा खरा मान वेगळाच होता. वस्तीत बाळ जन्मलं की पाचवीला सोन्याची अंगठी मधात बुडवून त्याच्या जिभेवर टेकवायची, आणि तो मध बायडाबाईच्याच घरचा. सगळी वस्ती आपल्या मधावर बोलायला शिकली, असं ती ताठ मानेनं सांगायची.

यंदा नातवानं, राजवर्धननं, मधविक्रीची सरकारी नोंदणी केली. "आज्जे, दारूच्या धुतलेल्या बाटल्या बंद," म्हणत त्यानं नवी लेबलं पुढ्यात ठेवली.

"वाच की. माझं नाव हाय न्हवं?"

"हाय. पत्ता, वजन, नोंदणी क्रमांक, भरल्याची तारीख..."

"एवढं लग्नाच्या पत्रिकेत बी नसतंय!"

तो हसला आणि शेवटची ओळ वाचली. "एक वर्षाखालील बाळास मध देऊ नये."

बायडाबाईला ती थट्टाच वाटली. "माझ्या मधात भेसळ हाय व्हय रं?"

"न्हाय आज्जे. चोख मधात बी कवातरी एक जंतू असतोय. मोठ्यांस्नी काय होत न्हाय. तान्ह्याचं अंग लुळं पडतंय, श्वास अडकतोय. डॉक्टरबाईंनी सांगितलं."

ज्यांच्या ज्यांच्या जिभेला तिचा मध लागला, ती सगळी तोंडं बायडाबाईच्या डोळ्यांपुढून सरकली. आणि एकाएकी तिला आठवलं, सकाळीच केरबा वाटीभर मध घेऊन गेलता. त्याच्या नातवाची आज पाचवी.

ती अनवाणीच पळाली.

केरबाच्या सोप्यात बायका जमल्या होत्या. सून अनुजाच्या मांडीवर बाळ. केरबानं अंगठी मधात बुडवून उचललीच होती.

"केरबा, थांब! चाटवू नगंस!"

"का गं? दृष्ट लागली काय मधाला?"

धापा टाकत तिनं सगळं सांगितलं. केरबा उसळला, "माझ्या पोराला, विश्वजितला तूच चाटवलंस की! घोड्यागत वाढला."

"वाढला. त्याचं नशीब," बायडाबाई म्हणाली. "ह्येचं कसं असंल, मला न्हाय ठावं."

अनुजानं बाळ पदराखाली ओढून घेतलं. केरबाचा हात तसाच हवेत राहिला. मधाचा थेंब ओघळून खाली आला, तेव्हा बायडाबाईनं पुढं होऊन आपल्या पदरानं ती अंगठी पुसली. चांगली, घासून घासून पुसली.