मीठ, बर्फ आणि थोरलीचे डोळे

थोरलीच्या आयुष्यात दोनच मुलूख, आणि दोन्ही पांढरेफटक. हिवाळाभर मिठागर, उन्हाळाभर घाट. मधे ट्रकच्या हौद्यात बसून हाडं खिळखिळी करून घ्यायची.

मिठागर सपाट. इतकं सपाट की लांबचं कुत्रंसुद्धा गाढवाएवढं वाटतं. तिथं पूर्वी समुद्र होता म्हणे, तो सरला मागं आणि खार तेवढा ठेवून गेला. मधोमध पडका बुरूज आहे. कुठल्याशा राजाची माणसं त्यावर बसून मीठ चोरणाऱ्यांवर नजर ठेवायची. आता पाहुणे चढतात, मावळतीचे फोटो काढतात. एक तरी पाहुणा वाकून चिमूटभर जिभेवर ठेवतोच आणि बायकोला ओरडून सांगतो, "अगं, खरंच खारट आहे!"

"नाहीतर काय, साखर पेरली होती तुझ्या सासऱ्यानं?" धाकटी पुटपुटायची. थोरलीची ही सख्खी बहीण. तोंडाला कुलूप नाही.

घाट म्हणजे उलटा कारभार. उभाच्या उभा, दोन पावलं टाकली की छाती भात्यासारखी. जुने लोकरीचे व्यापारी खेचरं घेऊन इथूनच पलीकडे जायचे. जे वाटेत मेले त्यांच्या नावानं रचलेले दगडांचे ढीग अजून वळणावळणावर आहेत. पाहुणे त्यावर आणखी एक दगड ठेवतात, हात जोडतात आणि लगेच एकमेकांना बर्फाचे गोळे मारतात. बर्फ सुटला की दरड येते. ती उपसायला या दोघींची टोळी.

ऊन मिठावर पडलं काय आणि बर्फावर पडलं काय, खालून उसळून डोळ्यांतच घुसतं. लग्नाआधीपासून थोरलीनं ते खाल्लं. आता नजरेच्या मधोमध धूर बसला होता. कडेकडेनं दिसायचं, समोरच्याला तोंडच नसायचं. हे फक्त धाकटीला माहीत. मिठावर अडत नव्हतं, पायाखाली कुरकुरलं की कुठं घट्ट, कुठं पोकळ ते तळव्यांना कळायचं. घाटात धाकटी शेजारी राहून सारखी बडबडायची, "आला बघ मुकादम, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून." लोकांना वाटायचं बाईला बोलायचं वेड आहे.

मुकादम वाईट असता तर बरं झालं असतं. यंदा थोरलीला धाप लागलेली बघून त्याला दया आली.

"मावशी, दगड सोडा. उद्यापासून झेंडा धरा."

टोळीतलं सगळ्यात हलकं काम. वरच्या वळणावर लाल झेंडा घेऊन उभं राहायचं. खालून मुकादमानं हात वर केला की गाड्या अडवायच्या, रुमाल हलवला की सोडायच्या. बस्स. नुसतं बघायचं.

"तिला नको, मला द्या," धाकटी म्हणाली.

"तुझ्या दंडात रग आहे अजून. तू गप दगड उचल."

"सख्ख्या बहिणीवर जळतेस होय गं?" शेजारची एक हसली. आणि आयुष्यात पहिल्यांदा धाकटीनं उलट उत्तर दिलं नाही. गिळलं.

दोघींनी तोड काढली. थोरलीला ऐकू येईल अशा जागी धाकटीनं काम करायचं. एकदा फावडं आपटलं की अडव, दोनदा आपटलं की सोड. काही दिवस निभावलं.

मग खाली नवी दरड आली. मुकादमानं धाकटीला तिकडं पाठवलं, पार त्या ढासळत्या उताराखाली. वर फावड्याचा आवाज पोचेना.

पहिली गाडी आली, थोरलीनं झेंडा आडवा धरला. मागं दुसरी, तिसरी. हॉर्न सुरू झाले. एका बसमधला गाइड वेळ काढायला माइकवर व्यापाऱ्यांची आणि खेचरांची गोष्ट सांगत बसला.

"अहो बाई, तो माणूस कधीचा रुमाल हलवतोय!" एक पाहुणा ओरडला.

"दिसतंय मला."

"दिसतंय तर सोडा की!"

खरंही असेल. पण घाई झालेला माणूस काहीही सांगतो. गाड्यांच्या हादऱ्यानं वरचा दगड सुटला तर खाली धाकटी. थोरली झेंड्याची काठी दोन्ही हातांनी धरून रस्त्याच्या मधे उभी राहिली. लोक काय काय बोलले. आंधळी आहे का, असंही कुणी बोललं.

कुणीतरी अगदी समोर येऊन उभं राहिलं. गप्प.

"मागं व्हा साहेब," ती म्हणाली, "मुकादमाचा हुकूम नाही."

"मावशी," मुकादम म्हणाला, "मीच आहे."

त्यानं तिच्या हातातला झेंडा काढून घेतला. तिला कामावरून काढून धाडायला खाली जाणारा सामानाचा ट्रक त्यानंच थांबवला. धाकटी धापा टाकत वर आली.

"निदान मिठागरावर कुणाला सांगू नका. तिथं ती पायानं काम करते, डोळ्यांनी नाही."

"तिथं चरात पडून मेली तर माझ्या गळ्याशी येईल," तो म्हणाला. सांगेन म्हणाला नाही, सांगणार नाही असंही म्हणाला नाही.

धाकटीनं ट्रकवर पाय ठेवला. थोरलीनं तो आतून ढकलला.

"उतर. पोरांनी तुझ्या काय दगड खायचेत?"

"आणि तू?"

"मला मेलीला भूक लागते कुठं."

ट्रक निघाला. ड्रायव्हर बोलका निघाला. एका वळणावर म्हणाला, "मावशी, ते बघा तळं. याच्यासाठी माणसं कुठून कुठून येतात."

"दिसतंय की," थोरली म्हणाली. "काय निळं आहे!"

ड्रायव्हरनं तिच्याकडे मान वळवली. "निळं कुठं? अजून गोठलेलंच आहे."

मिठावर कुणी काही दाखवलं तर नुसतं हं म्हणायचं, रंग सांगायचा नाही, एवढं तिनं मनाशी ठरवलं.