अठराव्या वर्षाचं मत

सांगवडेकर सर आमच्या शेजारी राहायचे. मंगळवार पेठेत आमच्या दोन घरांत एकच भिंत होती. त्यांच्याकडे भांडं पडलं तरी आमच्याकडे कळायचं. शाळेत ते इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवत. नागरिकशास्त्र मुलं परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचतात, पण सरांचा जीव त्यातच होता.

त्याला कारण घडलं होतं. कसबा बावड्याचा ज्ञानू नावाचा मुलगा त्यांच्या हाताखाली शिकून सैन्यात भरती झाला आणि पासष्टच्या लढाईत गेला. विशीसुद्धा गाठली नव्हती त्यानं. सर त्याच्या घरी भेटायला गेले. ज्ञानूचे वडील केरबा उसाच्या बांधावर बसले होते. ते म्हणाले, "सर, सरकारनं माझ्या पोराच्या हातात बंदूक दिली. पर मत द्यायला त्यो ल्हान हाय म्हनत हुतं की. ह्ये कसं वो?"

तेव्हा मतदानाला एकवीस वर्षं पूर्ण लागत. घरी आल्यापासून सरांनी तो एकच विषय धरला. अठराव्या वर्षी मताचा हक्क मिळाला पाहिजे. वर्तमानपत्रात लिहायचे, बिंदू चौकातल्या सभांत दोन मिनिटं मागून घ्यायचे, निवेदनांवर सह्या घेत पेठापेठांतून सायकल फिरवायचे. शाळेत दरवर्षी निवडणूक लावायचे, डालड्याच्या डब्याची मतपेटी करून. तालमीच्या कट्ट्यावरची माणसं हसायची. "काय सर, मिसरूड न फुटलेली पोरं राज्य चालवनार व्हय?"

"राज्य नका देऊ हो, नुसतं विचारा तरी त्यांना," सर म्हणायचे. "ज्याला कधी कुणी विचारलंच नाही, तो विचार करायला शिकणार कधी?"

त्यांची मुलगी कालिंदी माझ्याच वयाची. एकुलती एक. आम्ही एका बाकावर शिकलो आणि एकाच कॉलेजात गेलो. सरांचं वाक्य न् वाक्य ऐकत ती वाढली होती, पण पोपटासारखी बोलायची नाही. स्वतःचं म्हणणं असायचं तिला. सरांशी वाद घालायची. सर हरले की खूश व्हायचे आणि आत काकूंना ओरडून सांगायचे, "सरोजिनी, ऐकलंस का? वकील होणार ही!"

अठ्ठ्याहत्तर सालच्या पावसाळ्यात कॉलेजात वादविवाद स्पर्धा झाली. विषय हाच होता, मतदानाचं वय अठरा करावं का. कालिंदीला नुकतंच अठरावं पूर्ण झालं होतं. विरुद्ध बाजूचा मुलगा म्हणाला, या वयात मुलं भावनेच्या भरात वाहून जातात. कालिंदी उठली आणि शांतपणे म्हणाली, "याच वर्षी कायदा झाला, की अठराव्या वर्षी मुलीचं लग्न करता येईल. म्हणजे जन्मभराचं घर ठरवायला ती मोठी, आणि पाच वर्षांचा आमदार ठरवायला लहान?" सभागृह टाळ्यांनी दणाणलं. सर शेवटच्या रांगेत उभे होते. ते चष्मा काढून डोळे पुसत होते, मी पाहिलं.

त्याच दिवाळीच्या सुमाराला सरोजिनीकाकूंच्या पोटात गाठ निघाली. मिरजेला नेऊन आणलं. आता घरीच ठेवा, असं डॉक्टर म्हणाले. काकूंना एकच ध्यास लागला, डोळे मिटायच्या आत मुलीचं लग्न बघायचं. रोज सरांचा हात धरून रडायच्या. सर वाळत चालले.

मग गगनबावड्याचं स्थळ आलं. मुलाचं नाव अंबादास. वय तिशीच्या आसपास, किराणा आणि कापडाचं दुकान, मोठं घर, सज्जन माणसं. मुलाचे काका बाहेरच्या खोलीत बसले होते. मी आणि कालिंदी आत मेथी निवडत होतो. सर म्हणाले, "आमच्याकडून पसंत आहे," ते आम्हाला स्पष्ट ऐकू आलं. कालिंदीचा हात थांबला.

पाहुणे गेल्यावर ती बाहेर आली. मी दारातच उभी राहिले.

"अण्णा, मला विचारलं नाहीत."

"आईची अवस्था बघतेस ना?"

"बघते. मी तिला सोडून कुठे जाणार नाही. पण मला शिकायचंय, अण्णा. वकील व्हायचंय. हे तुम्हीच म्हणायचात. निदान माझं म्हणणं तरी ऐकून घ्या."

सर कित्येक दिवस नीट झोपले नव्हते. त्यांचा आवाज एकदम चढला. "अठराव्या वर्षी काय कळतं गं तुला?"

आतून काकूंचा कण्हण्याचा आवाज येत होता. कालिंदी सरांकडे बघत राहिली, जणू ओळखीचा माणूस कुठे गेला ते शोधतेय. मग आत येऊन राहिलेली मेथी निवडायला बसली.

मार्गशीर्षात लग्न झालं. काकूंना खुर्चीवर बसवून मांडवात आणलं होतं. होळीच्या आत त्या गेल्या.

सर पुन्हा कामाला लागले, निदान तसं दाखवलं त्यांनी. पण एका सभेत कुणीतरी नेहमीसारखंच म्हणालं, "अठराव्या वर्षी काय कळतंय वो पोरास्नी?" सर उत्तर द्यायला उठले आणि नुसते उभे राहिले. माईक हातात, तोंड उघडं. शेवटी कुणीतरी त्यांना खाली बसवलं. त्यानंतर ते कुठल्याही सभेत बोलले नाहीत. सह्यांचे कागद त्यांनी दुसऱ्या एका शिक्षकांना देऊन टाकले.

कालिंदीच्या सासरची माणसं वाईट नव्हती. तिला कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. त्या घरात बायकांना काही विचारायची पद्धत नव्हती, एवढंच. कुठली भाजी, कुठलं लुगडं, तिच्या मुलीचं नाव काय ठेवायचं, सगळं मामंजी ठरवायचे. मामंजी गेले तेव्हा अंबादास ठरवायला लागला. सुरुवातीला ती माहेरी आली की मी तिला वाचायला काहीबाही द्यायची. ती घेऊन जायची आणि पुढच्या खेपेला न वाचता परत आणायची. नंतर खेपाच कमी झाल्या. सरांशी ती नीट बोलायची. जेवलात का, औषध घेता का. परक्या माणसाशी बोलावं तसं.

अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात संसदेनं घटनादुरुस्ती केली. पुढच्या वर्षी मार्चमध्ये ती लागू झाली. अठरा वर्षांच्या मुलांना मत मिळालं. सर निवृत्त झाले होते. जुने विद्यार्थी हार आणि पेढे घेऊन आले, शाळेत सत्कार ठरवला. सरांनी हात जोडले, म्हणाले, "मला नका नेऊ." दुसऱ्या दिवशी सकाळी ते गगनबावड्याच्या एसटीत बसले.

संध्याकाळी परत आले ते स्वतःच्या घरी न जाता आमच्या दारात. बाळंतपणासाठी मी माहेरीच होते. आईनं त्यांना पाणी दिलं. त्यांनी मला सगळं सांगितलं.

कालिंदी स्वयंपाकघरात होती. सर पाटावर बसले आणि म्हणाले, "कायदा झाला, बाळ."

"वाचलं मी पेपरात," ती म्हणाली.

"मी तुला त्या दिवशी जे बोललो..."

"अण्णा, राहू दे. चहा टाकते."

"मला माफ कर."

तिनं आधण ठेवलं. म्हणाली, "राग नाही हो माझा. पहिली काही वर्षं होता. तेव्हा बरं होतं." मग सरांकडे न बघताच तिनं सांगितलं. मागच्या दोन्ही निवडणुकांना घरातल्या सगळ्यांना जीपनं मतदानाला नेलं होतं. कुठल्या चिन्हावर शिक्का मारायचा ते अंबादासनं आधीच सांगितलं होतं. पहिल्यांदा तिनं तसाच मारला. दुसऱ्यांदा पडद्याआड गेल्यावर तिला वाटलं, इथं तर कुणी बघत नाही, आज मी माझं मत देणार.

"शिक्का हातात घेतला, अण्णा. सगळी चिन्हं वाचली. आणि मला कळेचना मला कोण हवंय ते. कितीतरी वेळ उभी होते. आत काही हललंच नाही. बाहेरून साहेब म्हणाले, आटपा बाई. कागद कोराच घडी करून पेटीत टाकला." तिनं कपात चहा गाळला. "साखर कमी घालते तुमच्या चहात. चालतं ना?"

सर चहा प्यायले. अंबादास दुकानातून येऊन पाया पडला, जेवून जायचा आग्रह केला. थांबले नाहीत ते. त्यांना सोडायला कालिंदी स्टँडवर आली नाही. घरात पाहुण्यांचा स्वयंपाक होता.

हे सांगताना सर रडले नाहीत. आमच्या उंबऱ्यावर बसून समोरच्या भिंतीकडे बघत होते. "ती रागावली असती, नंदिनी," ते म्हणाले, "तर मी रोज गेलो असतो. रोज शिव्या खाल्ल्या असत्या."

मी विचारलं, "काका, माझी आठवण काढली का तिनं?"

त्यांनी खोटं सांगायचा प्रयत्न केला, पण शिक्षकाला ते जमलं नाही. "मी तुझं नाव काढलं तेव्हा म्हणाली, बरी आहे ना. मग कुकर लावायला उठली."

आईनं त्यांना ताट वाढलं. दोन घास खाऊन त्यांनी हात धुतला आणि अंधारात आपल्या घराचं कुलूप चाचपडत राहिले.