चौथं वाइल्ड कार्ड

मीटिंग दुपारी होती. मी त्या दोघींना बजावून सांगितलं होतं की आज माझ्या घरी येऊ नका, निकाल कळला की मीच फोन करते. तरी मी लॅपटॉप उघडायला आणि फाटकाची कडी वाजायला एकच गाठ पडली. बाहेर माझी विद्यार्थिनी आणि तिची अम्मी. मुलीच्या खांद्यावर रॅकेटची बॅग.

"मॅडम, ही घरात बसत नाय आणि मला बसू देत नाय," अम्मी म्हणाली. "आम्ही पडवीत बसतो. तुम्हाला हाकसुद्धा मारणार नाय."

मिरकरवाड्यापासून रिक्षा करून आलेल्या माणसांना उन्हात परत कसं पाठवणार? मी त्यांना पाणी दिलं, आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

रत्नागिरीतल्या एका जुन्या क्लबच्या एकुलत्या एक मातीच्या कोर्टवर मी टेनिस शिकवते. ही मुलगी लहानपणी माझ्याकडे आली तेव्हा रॅकेट तिच्या कमरेपर्यंत यायची. वडील मालवाहू जहाजावर, महिनोन्महिने बाहेर. अम्मी रोज तिला आणून सोडायची आणि शिकवणी संपेपर्यंत कुंपणाशी बसून राहायची. आता ती एकोणीस वर्षांची होती, आणि तिच्याइतकी चांगली खेळाडू माझ्या हाताखाली दुसरी कुणी घडली नव्हती.

त्या वर्षी मुंबईत बायकांची मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती. अशा स्पर्धेत बहुतेक जागा जागतिक क्रमवारीनुसार भरतात, काही पात्रता फेरीतून जिंकून येणाऱ्यांना मिळतात, आणि थोड्या जागा आयोजकांच्या हातात राहतात. तीच वाइल्ड कार्डं. क्रमवारी पुरत नाही, पण आयोजकांना जिला खेळवायचं आहे, तिच्यासाठी. मी पूर्वी पंच म्हणून काम केलेलं असल्यामुळे ती कार्डं ठरवणाऱ्या समितीवर मला घेतलं होतं. मी हो म्हणाले, तेव्हा माझीच विद्यार्थिनी या कार्डांच्या शर्यतीत येईल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं.

स्क्रीनवर आम्ही पाच जण. स्पर्धेचे संचालक, एक माजी खेळाडू, पुण्याचे एक प्रशिक्षक, प्रायोजक कंपनीच्या बाई आणि मी. कार्डं चार. पहिलं राष्ट्रीय विजेतीला, त्यावर चर्चाच नव्हती. दुसरं प्रायोजकांनी करारातच मागून घेतलं होतं. तिसरं संचालकांनी राखून ठेवलं. एक नावाजलेली परदेशी खेळाडू दुसऱ्या देशात खेळत होती. ती तिथे लवकर हरली तर इकडे येते असा तिचा निरोप होता. म्हणजे तिकडे कुणीतरी हरण्याची वाट बघत इकडची एक जागा रिकामी बसणार होती. पंच असताना मी हे सगळं बाहेरून पाहिलं होतं. आतून पहिल्यांदाच पाहत होते.

राहिलं चौथं. त्यासाठी नावं दोन. एक माझी विद्यार्थिनी. दुसरी एके काळची देशातली पहिल्या क्रमांकाची खेळाडू, बाळंतपणानंतर परत खेळू पाहणारी.

मी आधीच सांगून टाकलं, "यातली एक माझ्याकडे शिकते. मी मत देणार नाही."

बाहेर पडवीच्या भिंतीवर चेंडू आपटायला सुरुवात झाली होती. ठप्, ठप्. अम्मीने दटावलं असावं. थांबला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू.

माजी खेळाडू म्हणाल्या, "तिने देशासाठी इतकी वर्षं खेळून काढली. परत येतेय तर दार आपणच उघडायला हवं."

"आणि तिला बघायला लोक तिकीट काढतील," प्रायोजकांच्या बाई म्हणाल्या.

पुण्याचे प्रशिक्षक उसळले. "लोक एक दिवस येतील. ही मुलगी पुढची दहा वर्षं खेळणार आहे. तिच्यापेक्षा वरच्या क्रमांकाच्या मुलींना तिने हरवलंय, मी स्वतः बघितलंय. अशांना नाही द्यायचं तर वाइल्ड कार्ड ठेवता कशाला?"

संचालक त्यांच्या बाजूला झुकले. दोन विरुद्ध दोन. तेवढ्यात आमच्याकडची लाइट गेली, नेट गेलं, सगळे चेहरे गोठले. मी घाईघाईने मोबाइलवरून परत आत शिरले, तर सगळे माझीच वाट बघत होते.

"मॅडम, तुमचं मत लागणार," संचालक म्हणाले.

"मी नाही देणार."

"अहो, टेनिस केवढंसं आहे आपलं! इथे प्रत्येकाचं कुणी ना कुणी असतंच."

"म्हणूनच नाही देणार."

त्यांनी माझ्या मताचा नाद सोडला. मग म्हणाले, "बरं, एवढंच सांगा. ती बाळंतपणानंतर परत येतेय, तिचं आणि तुमचं बोलणं असतं ना? ती फिट आहे का?"

 आदल्या आठवड्यातच तिचा मला फोन आला होता. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय हे तिला ठाऊक होतं. "ताई, दीड तास खेळलं की गुडघा सुजतो," ती म्हणाली होती. "तुमची सूज कशाने उतरली? आणि कुणाला बोलू नका हं."

एक वाक्य बोलायचं होतं. खरं वाक्य. ते बोलले असते तर चौथं कार्ड दाराबाहेर चेंडू आपटणाऱ्या माझ्या मुलीचं होतं. 'फिट आहे' म्हटलं असतं तर खोटं झालं असतं. मला तिचा तो हळू केलेला आवाज आठवत होता आणि स्क्रीनवरचे चार चेहरे माझ्याकडे बघत होते.

"ते तिलाच विचारा," मी म्हणाले.

संचालकांनी तिथेच तिला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. मागे बाळाच्या रडण्याचा आवाज येत होता.

"मी पूर्ण फिट आहे, सर," ती म्हणाली. जराही न अडखळता.

संचालकांनी मान हलवली आणि आपलं मत बदललं. कार्ड तिला गेलं. माझ्या मुलीला पात्रता फेरीचं कार्ड मिळालं, म्हणजे मुख्य स्पर्धेत शिरायला आधी दोन सामने जिंकायचे.

मी दार उघडलं तेव्हा चेंडू थांबला. माझ्या चेहऱ्यावरून दोघींना कळलंच. तरी मी सांगितलं.

"तुम्ही मत कुणाला दिलंत?" तिने विचारलं.

"कुणालाच नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. "माझ्याविरुद्ध दिलं असतंत तरी चाललं असतं मला, मॅडम. पण कुणालाच नाही?"

"असं बोलू नये," अम्मी म्हणाली, पण तिचाही आवाज बसला होता. गुडघ्याची गोष्ट माझ्या जिभेवर आली होती. मी ती गिळली. चहा टाकते म्हणाले, तोवर त्या फाटकापर्यंत पोचल्या होत्या.

पात्रता फेरीला मी मुंबईला गेले. तिने पहिला सामना सहज जिंकला. दुसऱ्यात तिसऱ्या सेटमध्ये पुढे होती, मग दोनदा दोन्ही सर्व्हिस चुकवून गुण घालवले आणि तिथून सामना निसटला. माझ्याकडे न बघता ती आत गेली.

दोन दिवसांनी ती दुसरी मुख्य कोर्टवर उतरली. गॅलरी खरोखरच भरली होती. दीड तास उलटला तेव्हा माझं लक्ष चेंडूवर नव्हतं, तिच्या गुडघ्यावर होतं. तिसऱ्या सेटमध्ये ती दोन गुणांच्या मध्ये पाय झटकत होती, पण तिने सामना सोडला नाही. शेवटपर्यंत खेळली आणि हरली. बाहेर येताना तिने मला पाहिलं आणि नजर खाली घातली. आम्ही त्याबद्दल कधीच बोललो नाही.

समितीला मी कळवलं की माझ्याकडची कुणी खेळाडू शर्यतीत असेल त्या वर्षी मला धरू नका. त्यांनी त्यानंतर बोलावलंच नाही.

महिन्याभराने माझी विद्यार्थिनी कोर्टवर आली, सरावाचे कपडे न घालता. ती पुण्याला जाणार होती, त्या प्रशिक्षकांकडे. मीटिंगमधल्या गोष्टी बाहेर पडायच्या राहत नाहीत.

"त्यांनी माझ्यासाठी भांडण केलं," ती म्हणाली. "मला तिथे हार्ड कोर्टपण मिळेल."

"जा," मी म्हणाले. "तिथे तुझा खेळ वाढेल." हे खरं होतं. आणि घरी येऊन मी जेवले नाही, हेही खरं होतं.

आता तिची क्रमवारी इतकी वर गेली आहे की पात्रता फेरीत तिला कुणाच्या मेहेरबानीची गरज लागत नाही. नाव पाठवते, जागा मिळते. मधली काही वर्षं फक्त ईदला अम्मीचा फोन यायचा. अलीकडे तिचा स्वतःचा येतो, सामन्याच्या आदल्या संध्याकाळी. इकडचं तिकडचं काही विचारत नाही. समोरच्या मुलीचं नाव सांगते आणि म्हणते, "मॅडम, हिची दुसरी सर्व्हिस बघितलीय का तुम्ही?"

बघितलेली नसली तर मी शोधून बघते, आणि तिला परत फोन करते.